कोकणात किनाऱ्यावर कॅम्पिंग नाहीतर सायकलिंग करताय? खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

कॅम्पिंगच्या खाण्याबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ना, त्यातलं बरंचसं थंडीच्या डोंगरांसाठी लिहिलेलं असतं आणि तेच डोक्यात घेऊन मंडळी ऑक्टोबर हीटमध्ये गुहागरला उतरतात. इथे थंडी नाही हो वैरी. घाम, खारा वारा आणि वाळू, भांडण आहे ते यांच्याशी.

आधी पाणी, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच आडवे होतात. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळत राहतो, म्हणजे अंग थंड होत नाही ते नाहीच, वर पाणी आणि मीठ दोन्ही जातं. मग लोक तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसतात, दुपारी डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, तर पाणीच कमी पडलं असेल म्हणून आणखी ढोसतात. अरे, मीठ पण जाऊ द्या की पोटात! शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून सोबत खारे शेंगदाणे घ्या. कोकमाचं आगळ त्याहून भारी, त्यात मीठ असतंच (अमृत कोकम वेगळं, तो साखरेचा पाक). फक्त हे सरबत फॅशनच्या तांब्याच्या बाटलीत भरू नका, आंबट तांब्याला लागलं की कळकतं आणि उलट्या होतात, आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई उगाच नाही करत.

ओआरएसची (पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पूड) मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळी ओतली की द्रावण जास्त दाट होतं आणि उलट त्रास होतो. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) २०२५ च्या ऑक्टोबरात असल्या पेयांना ते नाव लावायला बंदी केली. आणि हे सगळं करूनही कोणी बरळायला लागला, गुंगीत गेला, तर सरबत पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं तर? उकळून जंतू मरतात, मीठ जात नाही, उलट थोडं वाढतंच. ट्रेकवाला फिल्टर किंवा क्लोरीनचे थेंब यांनीही मीठ निघत नाही. गावात जाऊन गोड्या पाण्याची विहीर विचारा, कोणीही दाखवेल.

आता डबा. घरून निघताना गरमागरम भात झाकण लावून डब्यात कोंबणं ही मोठी चूक, कारण तो तासन् तास कोमट राहतो आणि भातातल्या बॅसिलस सेरियस जंतूंना तेच हवं असतं. ते जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून 'फोडणी देऊन टाकू' चालत नाही. ओला नारळ घातलेलं काहीही, सोलकढीसुद्धा, तिथल्या तिथे संपवा. प्रवासाला तांदळाची भाकरी, सुकी लसणीची चटणी, मेतकूट, पोहे, आणि स्टोव्ह असेल तर कुळथाची पिठी, पाण्यात कालवून उकळली की झालं जेवण. चॉकलेटवाले एनर्जी बार इथे उन्हात पातळ होतात, त्यापेक्षा आंबापोळी, फणसपोळी.

सकाळी बंदरावर बांगडे घेतले आणि रात्री भाजू म्हणून दिवसभर पिशवीत लटकवले, हा प्रकारही बघायला मिळतो. बर्फाशिवाय बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, मासा तळा नाहीतर भाजा, ते जात नाही, आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकायला लागतं. मासे संध्याकाळी घ्या, बर्फात ठेवा.

स्टोव्ह पेटत नाही? बऱ्याचदा खाऱ्या दमट हवेने ठिणगीचं बटण गेलेलं असतं, काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. ज्योत पिवळी, फडफडती असेल तर बर्नरच्या भोकांत वाळू असेल, बंद करून थंड झाल्यावर झटका. वारा अडवायला चारी बाजूंनी पत्रा मात्र लावू नका, गॅसचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, स्टोव्हच्या खालीच असतो, तो तापला की स्फोट होऊ शकतो. एकाच बाजूला आडोसा, आणि हाताला कॅनिस्टर गरम लागला की लगेच बंद. कॅनिस्टर कोकण रेल्वेने न्यायचा विचारही करू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुरूच्या बनात चूल नको, खाली सुकलेल्या काड्यांचा थर असतो आणि तो भसकन पेटतो. वेळास, आंजर्ल्याला कासवांच्या हंगामात रात्री किनाऱ्यावर जाळ नकोच, पिल्लं उजेडाला भुलतात. मोकळ्या पुळणीवर चूल मांडायची तर आधी भरती बघा: तिथीची पाऊणपट करा, चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे ३ च्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही.

आणि किनाऱ्याकाठच्या रस्त्याने, म्हणजे सागरी मार्गाने, 'वाटेत खाऊ की कुठेतरी' म्हणून निघणाऱ्यांनो, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी चुकल्या की वेळ सरकते आणि मधल्या गावांत आयतं जेवण मिळेलच असं नाही. घरगुती खानावळीत आदल्या रात्री, निदान सकाळी तरी फोन करून किती माणसं ते सांगून ठेवा.