दूध आटलं की सुई शोधू नका: गोठ्यातल्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की लातूर-औसा पट्ट्यात एकच तक्रार: गाय आटली. उपायही ठरलेला. पेंड वाढवा, नाहीतर सुई मारा. भर दुपारी दोन वाजता गोठ्यात उभं राहून बघायचं काम मात्र कुणी करत नाही.

पत्रा आणि पाणी

दरसालचा प्रकार असा. सोळा लिटरची संकरित गाय, डोक्यावर सात फुटांवर पत्रा, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, पाणी सकाळ-संध्याकाळ बादलीने. गाय दहा लिटरवर येते. मालक मक्याचा भरडा दोन किलोंनी वाढवतो. उकाड्याने तिने कडबा आधीच कमी केलेला, रवंथ थंडावलेलं, त्यात हा भरडा. पोटात आम्लता वाढते, शेण पातळ पडतं, दूध आठवर येतं. मग पान्ह्याचं (ऑक्सिटोसिनचं) इंजेक्शन. पावसाळ्यापर्यंत खुरं दुखायला लागतात, माज मुका जातो (गाय माजावर आलेली कळत नाही) आणि गाय बाजारात उभी राहते. बोल लागतो खाद्याच्या पोत्याला.

औषधाआधी श्वास मोजा. कुशीची हालचाल पूर्ण मिनिटभर बघा. ६० च्या वर गेली तर गाय तापतेय. ८० च्या वर असेल तर आधी तिला गार करा, खाद्याचं नंतर बघू. पत्र्यावर चुना मारा, त्यावर तुराट्यांचा किंवा पाचटाचा अर्धा फूट थर जाळीने बांधा (विजेची वायर जवळ नको), ताडपत्री काढून टाका. कडबा पहाटे आणि रात्री घाला. नवा गोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम आणि कडेची उंची दहा फूट तरी ठेवा. बंद गोठ्यात फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) लावायची हौस हल्ली फार वाढलीय. त्याने नुसती दमट वाफ कोंडते आणि घाम वाळत नाही. त्यापेक्षा पाठ भिजवून पंखा लावलेला बरा. म्हशीला तर पाणी लागतंच, तिच्या अंगाला घाम फार कमी येतो.

पंधरा लिटर देणारी गाय मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पिते. ते दिवसभर तिच्या तोंडापाशी आणि सावलीत हवं. काळी टाकी, उन्हात पडलेला पाइप, त्यातून येणारं पहिलं पाणी हात पोळवतं. गाय तोंड लावून मागे सरते आणि मालक म्हणतो, तिला तहानच नाही.

टँकरवर जगणाऱ्या गावात दहा एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाई बांधायचा हट्ट कशाला? चारच बांधा, त्यात एखादी देवणी किंवा लाल कंधारी ही आपल्याकडची गावरान जात असू द्या. दूध कमी देते, पण ऊन सोसते. गाय आठ लिटर देवो की सोळा, जगण्यापुरता चारा-पाणी तिला लागतंच, ढेकरांतून मिथेनही सुटतोच. उन्हाने दूध घटलं की दर लिटरमागे पाणीही जास्त जातं आणि मिथेनही.

जार पडायची वाट

व्यायल्यावर जार (वार) पडल्याशिवाय वासराला चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजायचा नाही, ही समजूत काही केल्या जात नाही. जार पडायला आठ-दहा तासही लागतात. इकडे वासराच्या आतड्यातून चिकातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात जाण्याची वाट तासागणिक आखडते आणि २४ तासांत जवळपास बंद होते. पुढे हगवण लागली की डॉक्टरला फोन. पहिला चीक तासाभरात, फार तर दोन तासांत पाजा. २५ किलोच्या वासराला दिवसभरात अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. वासरू लुचलं तर जार पडायला उलट मदतच होते. खरवस त्यातून उरलं तर. आणि गोऱ्ह्यालाही तितकाच चीक. नर आहे म्हणून उपाशी ठेवणं हा सरळ छळ आहे.

बाकीच्या, थोडक्यात

पान्ह्याचं इंजेक्शन: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जनावरही सरकारजमा होतं.

नुसतं उसाचं वाढं: त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबत कडबा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

युरिया प्रक्रिया: १०० किलो वाळल्या काडाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद. आठव्या दिवशी ढीग उघडणारे आणि 'लवकर व्हावं' म्हणून दुप्पट युरिया टाकणारे, दोघांनीही हा उद्योग करू नये. चारायच्या आधी काड पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नका.

आखूड दावं: गाय दिवसातले दहा-बारा तास बसते. तिला बसता-उठता आलं पाहिजे.

कासदाहाचं औषध: चिठ्ठीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका.

शेण: विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा नको. दोन घनमीटर गोबरगॅसला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरांत भागतं.

डायक्लोफिनॅक: या दुखणं थांबवणाऱ्या औषधावर २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, तरी माणसांची बाटली आणून टोचतात. असं जनावर मेलं आणि शिवेवर टाकलं, तर ते खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागा.