वाणिज्य आणि व्यवस्थापनातील पीएच.डी. : कोर्सवर्क ते विषयमान्यता

सोलापुरात वाणिज्य किंवा व्यवस्थापन विषयात पीएच.डी. करणारे दोघे भेटले, की ‘आरआरसी झाली का?’ हा प्रश्न हमखास निघतो. प्रवेश ही केवळ सुरुवात असते. संशोधनाचा आराखडा ‘आरआरसी’पुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन आणि मान्यता समितीपुढे, मांडून विषयाला मान्यता मिळाली, म्हणजे माणूस खऱ्या अर्थाने संशोधनाला लागला, असे येथे सारेच मानतात आणि ते योग्यही आहे. शहरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत असतानाच मी हा टप्पा पार केला आणि त्यानंतर बऱ्याच नवोदितांचे आराखडे वाचले. त्या अनुभवावरून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : कोर्सवर्कची, म्हणजे प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाची, परीक्षा आणि संशोधनाचा आराखडा ही दोन वेगळी कामे समजू नयेत. परीक्षेसाठी जे वाचतो, त्यातूनच आराखडा उभा राहिला पाहिजे. आधी परीक्षा उरकू आणि मग विषयाचे पाहू, असे म्हणणाऱ्याचे वाचन परीक्षेबरोबर संपते आणि समितीपुढे जाताना हाती फक्त शीर्षक उरते.

नियमांची चौकट थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो, पात्रतेसाठी ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) कोर्सवर्क करावे लागते, संशोधन आणि प्रकाशनातील नीतिमत्ता हा विषय त्यात अनिवार्य आहे आणि पुढे चालू राहण्यासाठी कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण हवेत. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे (ही आरआरसीहून वेगळी) प्रगती मांडावी लागते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही २०१६ च्या विनियमांतील देशपातळीवरील सक्ती २०२२ मध्ये निघाली असली, तरी आपल्या विद्यापीठाची अट काय आहे, हे त्याच्या परिपत्रकातच पाहावे. वरच्या तुकडीतील कोणी सांगितले म्हणून खरे मानू नये.

अमेरिकेतील बिझनेस स्कूलमध्ये हाच टप्पा वेगळ्या रीतीने येतो. तेथे साधारणपणे पहिली दोन वर्षे वर्गातील अभ्यासक्रम असतो, त्याच्या अखेरीस व्यापक पात्रता परीक्षा होते, ती बहुतेक ठिकाणी लेखी आणि काही ठिकाणी तोंडीही असते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर, अनेक विद्यापीठांत प्रबंधाच्या प्रस्तावाचे समर्थन केल्यानंतरच, विद्यार्थ्याला ‘कँडिडेट’ म्हटले जाते. त्या परीक्षेत एकाच घटनेची दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे मांडा, कोणत्या पुराव्याने कोणते टिकते ते सांगा आणि प्रश्न निकाली काढू शकेल असा अभ्यास आखून दाखवा, अशा धाटणीचे प्रश्न येतात. आपल्याकडील कोर्सवर्कच्या प्रश्नपत्रिकेत पुष्कळदा ‘संशोधन आराखड्याचे प्रकार स्पष्ट करा’ एवढ्यावर भागते. म्हणून जी शिस्त तेथे परीक्षा लावते, ती येथे स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते. मी प्रत्येक नवोदिताला सांगतो, की आठवड्यातून एक असा प्रश्न स्वतः तयार करा आणि समोर कागदपत्रे न ठेवता दोन तासांत त्याचे उत्तर हाताने लिहा.

वाचन कसे करावे, हे माझ्याच विषयाच्या आधारे सांगतो. सोलापूर टॉवेल आणि चादरींचे शहर आहे, तेव्हा येथील संशोधकाच्या मनात यंत्रमाग येणे स्वाभाविक आहे. पहिले शीर्षक बहुधा ‘सोलापूर जिल्ह्यातील यंत्रमाग उद्योगाच्या खेळत्या भांडवलाचा अभ्यास’ असे असते. या शीर्षकात ठिकाण आहे, उद्योग आहे, विषयही आहे. प्रश्न मात्र नाही. कोर्सवर्कच्या काळात वित्तविषयक मूळ निबंध वाचायला घेतले, की तो प्रश्न हळूहळू दिसू लागतो. कर्जदाराची खरी स्थिती बँकेला ठाऊक नसते. व्याजदर वाढवत नेला तर जोखमीचे कर्जदारच पुढे येतात, म्हणून बँक दर वाढवण्याऐवजी काहींना कर्जच नाकारते, अशी मांडणी स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये केली. पुढे पीटरसन आणि राजन यांनी १९९७ मध्ये व्यापारी उधारीचा विचार करताना दाखवले, की माल पुरवणाऱ्याला ग्राहकाची माहिती सहज मिळते, पैसे थकले तर तो पुरवठा थांबवू शकतो आणि परत आलेला माल दुसऱ्याला विकणे त्याला बँकेपेक्षा सोपे जाते. हे दोन निबंध शेजारी ठेवून शहराच्या पूर्व भागात एक फेरी मारली, की प्रश्न समोर उभा राहतो : बँक ज्या मागवाल्याला दारात उभे करत नाही, त्याला सूत व्यापारी उधार का देतो आणि त्या उधारीची खरी किंमत काय असते?

आता या प्रश्नाला सोलापूर लागते. तोच उद्योग, तेच भांडवल, पण ‘विशेष संदर्भ : सोलापूर जिल्हा’ ही शेपटी आता शोभेची राहत नाही, कारण सूत विकणारा आणि माग चालवणारा एकाच शहरात राहतात, एकमेकांची पत जाणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करतात, ही परिस्थितीच सिद्धान्ताची कसोटी घेणारी आहे. समितीतील जाणते सदस्य नेमके हेच विचारतात : हा अभ्यास इचलकरंजी किंवा भिवंडीत केला तर काय बदलेल? ज्याचे वाचन प्रश्नाला बांधलेले असते, त्याला उत्तर शोधावे लागत नाही.

दुसरा हमखास प्रश्न नमुन्याचा असतो आणि तेथे मी जरा थांबतो, कारण आराखडे सर्वांत जास्त येथेच परत येतात. आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक आराखड्यात ३८४ हा आकडा दिसतो. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेला नमुना, या गृहीतांवर मोठ्या समष्टीसाठी, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या सर्व घटकांच्या मोठ्या समूहासाठी, हा आकडा निघतो. पण यादृच्छिक निवड करायची तर आधी सर्व घटकांची यादी हवी. घरातल्या खोलीत चार माग चालवणाऱ्या, कोठेही नोंद नसलेल्या कारखानदाराचे नाव कोणत्या यादीत सापडणार? यादी नसेल तर ३८४ प्रश्नावल्या भरून घेतल्या तरी तो आकडा काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा उपलब्ध यादी कोणती, तिच्यातून कोण सुटते आणि सुटलेल्यांपर्यंत कसे पोहोचणार, हे एका परिच्छेदात लिहिलेल्या आराखड्याला समितीत अधिक मान मिळतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नावलीचेही तसेच. मान्यतेपूर्वीच चारदोन लोकांशी बोलून पाहावे, असा माझा आग्रह असतो. मी माझ्या पहिल्या मसुद्यात ‘उधारीवर आपण किती टक्के व्याज देता?’ असा प्रश्न ठेवला होता. एका वयस्कर मागवाल्यांनी तो ऐकला आणि म्हणाले, ‘व्याज कसलं सर, व्याज नाही. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा.’ व्याज भावातच मिसळलेले होते. समजा, किलोला रोखीने २०० रुपये असलेले सूत महिनाभराच्या उधारीने २०४ रुपयांना मिळत असेल, तर तो महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने २४ टक्के दर झाला; पण प्रश्नावलीत उत्तर ‘शून्य’ असेच आले असते. पुढे त्या एका वाक्यावरून मी रोख आणि उधार असे दोन्ही भाव विचारू लागलो आणि समितीपुढे मापनाची पद्धत समजावताना तेच उदाहरण दिले. सदस्यांचे पुढचे सगळे प्रश्न मग त्या मापनावरच आले, आणि चर्चा खऱ्या अर्थाने विषयात शिरली.

सादरीकरणाबाबत फार सांगण्यासारखे नाही. वेळ थोडा असतो; साहित्याचा आढावा वाचून दाखवण्यात तो घालवू नये, प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत यावा आणि कोणत्या निष्कर्षाने आपले गृहीतक खोटे ठरेल, हे न विचारता सांगावे. एखाद्या सदस्यांनी सुचवलेला बदल पटला नाही, तर ‘हो सर, करतो’ म्हणून सुटका करून घेऊ नये. नम्रपणे कारण सांगावे, कारण इतिवृत्तात लिहिला गेलेला बदल पुढे प्रबंधात दाखवावा लागतो.

नोकरी करून पीएच.डी. करणाऱ्यांनी, आणि वाणिज्य शाखेत असे बरेच असतात, संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळीच नीट लिहून घ्यावे. अभ्यासाला वेळ दिला जाईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, हे त्यात असणे विनियमांनाच अपेक्षित आहे. आमच्याकडे केगावला विद्यापीठात जाऊन तासांना बसायचे आणि परत येऊन महाविद्यालयातील तास घ्यायचे, ही ओढाताण ज्यांनी केली आहे, त्यांना या एका कागदाचे मोल कळते. मार्गदर्शक निवडतानाही त्यांच्या सेवानिवृत्तीला किती वर्षे राहिली आहेत, हे संकोच न बाळगता विचारावे. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि तीन वर्षांहून थोडीच अधिक उरलेली असतील, तर पुढची व्यवस्था आधीच बोलून ठेवलेली बरी.

मान्यतेचे पत्र हाती आले, की बहुतेक जण काही महिने श्वास घेतात. पण सहा वर्षांची कमाल मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते, विषयमान्यतेपासून नव्हे. पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिला तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे, तरीही मान्यतेपर्यंत गेलेला काळ कोणी परत देत नाही. म्हणून पत्राची वाट पाहत असतानाच प्रश्नावलीची पूर्वचाचणी उरकून ठेवावी आणि मान्यतेनंतरच्या पहिल्या सल्लागार समितीपुढे तिचे निकाल घेऊनच जावे.