लोकसंख्येची तुलना करताय? मग या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या वाचनालयात २६ जानेवारीला पोरं भिंतीवर एक तक्ता करून लावतात. यंदा ठरलं की आपले जिल्हे, राज्यं, जगातले देश आणि मोठी शहरं यांची लोकसंख्या शेजारी शेजारी लावायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते डोळ्यांना दिसेल. कार्डशीट आलं, स्केचपेन आले, मोबाईलवरून आकडे उतरवले आणि जेवणाच्या आत तक्ता तयार. तेवढ्यात नववीतली एक मुलगी तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, वर मुंबई १ कोटी २४ लाख आणि खाली मुंबई १ कोटी ८४ लाख, मगे साठ लाख माणसां गेली खंय?"

खरं सांगतो, तिच्या त्या एका प्रश्नाने अख्खा तक्ता आम्ही नव्याने केला, आणि तेव्हा ज्या चुका हाताला लागल्या त्याच इथे लिहितोय, कारण व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या बहुतेक फोटोंत त्याच असतात.

दोन्ही आकडे २०११ च्या जनगणनेचेच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिला महापालिकेच्या हद्दीचा, म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा. दुसऱ्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर असा सगळा चिकटलेला पसारा येतो, त्याला नागरी समूह म्हणतात. गंमत बघा, वसई-विरार त्या दुसऱ्या आकड्यातही नाही, ते २०११ ला वेगळं मोजलंय. आमचा विरारचा चाकरमानी गावात उतरला की मुंबयसून इलंय असंच सांगतो आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे, पण तक्त्यात मुंबई लिहिलं की कुठली मुंबई ते लिहायलाच हवं.

परदेशातल्या शहरांत तर हा घोळ फार मोठा होतो. टोकियोचे मूळचे २३ विभाग घेतले तर एक कोटीच्या आत, टोकियो प्रांत घेतला तर साधारण १ कोटी ४० लाख आणि आजूबाजूची शहरं धरली तर ३ कोटी ७० लाखांच्या आसपास. चीनचं चोंगछिंग ३ कोटी २० लाख म्हणून जगातलं सगळ्यात मोठं शहर असं बरेच जण लिहितात, पण त्या हद्दीचं क्षेत्रफळ आहे ८२ हजार चौरस किलोमीटर, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला अख्खा कोकण विभाग भरतो जेमतेम ३१ हजार. म्हणजे त्यात डोंगर, शेतं, खेडी सगळं आलं, ते शहर कसलं, छोटं राज्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात टोकियो पहिलं होतं आणि २०२५ च्या अहवालात जकार्ता पहिलं आलं, जवळपास ४ कोटी २० लाख. सात वर्षांत तिकडे काही कोटी माणसं राहायला गेली नाहीत, शहर कुठे संपतं हे ठरवायची पद्धत बदलली.

दुसरी चूक वर्षाची. महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख आणि मेक्सिको १२ कोटी ६० लाख, म्हणून मेक्सिको मोठा असं पोरांनी लिहिलं होतं, पण आपला आकडा २०११ चा आणि त्यांचा २०२० चा. नऊ वर्षांचं अंतर असताना तुलना कसली करणार. त्यापेक्षा उत्तर प्रदेश आणि ब्राझील घ्या, २०११ ला उत्तर प्रदेश जवळजवळ २० कोटी आणि २०१० ला ब्राझील १९ कोटी, ही जोडी चालते.

नाव तेच पण हद्द बदललेली, हेही बघा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याच्या आधीचा रत्नागिरी जिल्हा आणि आताचा शेजारी ठेवलात तर जिल्ह्याचा मोठा तुकडा गायब झाल्यासारखा वाटेल. ठाण्याचा २०११ चा १ कोटी १० लाख हा आकडा पालघरसकट आहे, पालघर २०१४ ला निघाला. आंध्रचंही तसंच, ८ कोटी ४६ लाखांत तेलंगणा आहे.

मिलियनचं एका ओळीत सांगतो, एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. आमच्या एका पोराने जपानचे १२६ मिलियन थेट १२६ लाख लिहिले होते, म्हणजे जपान मुंबई महापालिकेएवढा झाला.

नुसती माणसं मोजून गर्दी कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला १६ लाख १५ हजार माणसं, मॉरिशस देशात साधारण साडेबारा लाख. पण मॉरिशस दोन हजार चौरस किलोमीटरचा आणि रत्नागिरी आठ हजारांवर, त्यामुळे तिकडे चौरस किलोमीटरमागे सहाशेच्या वर माणसं आणि इकडे १९७.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. सिंधुदुर्ग २००१ ला ८ लाख ६९ हजार होता, २०११ ला ८ लाख ५० हजार झाला, रत्नागिरीही जवळपास ८२ हजारांनी घटली. कोणी म्हणतं जन्मदर, कोणी म्हणतं आकडाच चुकला. अहो, जन्मदर कमी आहेच, पण आमच्या वाडीत फेब्रुवारीत चाला, सतरा घरांपैकी सहा घरांना कुलूप, पडवीत सुकलेला पाचोळा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, चाकरमानी गावी येतात तो शिमगा यायचा होता, गणपती तर लांबच. माणूस नेहमी राहतो तिथे मोजला जातो, म्हणून आमची पोरं डोंबिवलीच्या, नालासोपाऱ्याच्या आकड्यात गेली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका दिसतात त्यामागेही हेच, पुरुष मुंबईला आणि बायका गावात. म्हणून जिल्हा घटला असं लिहाल तेव्हा माणसं गेली कुठे हेही शेजारी लिहा.

आता आमच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे दोन बारीक रकाने आहेत, एकात वर्ष आणि एकात हद्द. शेवटचा एक रकाना त्या मुलीने रिकामा ठेवलाय आणि वर पेन्सिलीने लिहिलंय २०२७, कारण पुढची माणसांची मोजणी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आहे. कुलूप असलेल्या घरांवर तिने आपल्या वाडीच्या नकाशात लाल टिकल्या लावल्यात आणि मोजणीच्या वेळी पुन्हा फिरून बघणार म्हणते.