आरोग्य क्षेत्रातलं पदव्युत्तर शिक्षण: गोव्यात राहून पैशांची सोय कशी लावावी

एमडी, एमडीएस, एमएस्सी नर्सिंग किंवा एमफार्मला प्रवेश घेणाऱ्यांची बहुतेकदा योजनांअभावी अडचण होत नाही. पैसे उशिरा येतात आणि कागद अर्धवट असतात, तिथे घोडं अडतं. म्हणून योजनांच्या आधी वेळापत्रक.

पहिला खर्च फीच्या आधीच येतो. नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेनंतरच्या केंद्रीय समुपदेशनाला खुल्या गटातून १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि २५,००० अनामत लागते. एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५०० आणि १०,०००. अभिमत विद्यापीठांचा पर्याय निवडला की हेच आकडे ५,००० आणि २ लाख होतात. हे पैसे कर्जातून मिळत नाहीत, कारण बँक प्रवेश मिळाल्याचं पत्र पाहिल्याशिवाय फाईल उघडत नाही. अनामत ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत येते. तेव्हा सायबर कॅफेवाल्याच्या कार्डावरून किंवा लांबच्या भाचीच्या खात्यातून ती भरू नका. आणि दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जप्त होते, हे पसंतिक्रम भरतानाच ध्यानात ठेवा.

कागद: सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात

उत्पन्नाचा दाखला तालुक्याच्या मामलेदार कार्यालयातून मिळतो. राज्याच्या योजनांना सहसा १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही मागतात. दोन्हींसाठी निकालाची वाट पाहू नका. गोवेकरांची खास डोकेदुखी नावाची. आजोबांच्या किंवा वडिलांच्या जुन्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यात दुसरं, आधारवर तिसरं. ‘प्रभू’ एका कागदावर ‘पोरोब’ असतो, आणि पोर्टलला तो वेगळा माणूस वाटतो. नोटरीचं ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र बँकेत चालून जातं, पण शिष्यवृत्तीचं पोर्टल आधारशी अक्षर न् अक्षर जुळवतं. त्यामुळे आधार आणि दहावीची गुणपत्रिका आधी एकसारखी करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या परिचारिकांनाही हेच लागू.

घरात कुणी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर त्याच्या कंत्राटाचं पत्र दाखल्याच्या अर्जाला जोडा. उत्पन्न लपवून काढलेला दाखला पुढे रद्द झाला की शिष्यवृत्तीची वसुली होते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर भारतीय नागरिकत्व संपतं, आणि नागरिकत्वाची अट असलेल्या योजनांचे दरवाजे बंद होतात. ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) ते उघडत नाहीत.

आधी परत न करायचे पैसे

एससी, एसटी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये. गोव्यातले गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. आदिवासी कल्याण संचालनालयाची गगन भरारी शिक्षा योजनाही त्यांनी विचारून घ्यावी. इतरांसाठी समाज कल्याण संचालनालय आणि उच्च शिक्षण संचालनालयाच्या बर्सरी योजनेचे नियम पाहा.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला की काम संपत नाही. आधी कॉलेजचा नोडल अधिकारी पडताळणी करतो, मग राज्य. कॉलेजने ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो तिथेच मरतो, म्हणून दर आठवड्याला स्थिती पाहा. पैसे येतात ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात, मग ते खाते तुम्ही कधीच विसरला असाल तरी. पतसंस्थेचं खातं चालत नाही.

एमफार्मवाल्यांना जीपॅट (फार्मसीची पदव्युत्तर पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असल्यास एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची शिष्यवृत्ती मिळते: दरमहा १२,४०० रुपये, २४ महिने. तुमचं कॉलेज एआयसीटीईच्या पोर्टलवर मान्यताप्राप्त आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. साधं, एकट्याच्या नावाचं बचत खातं द्या. जनधन किंवा संयुक्त खातं परत येतं. ओबीसी उमेदवारांचा नॉन-क्रीमीलेयर दाखला ताजा हवा. कॉलेजने दरमहा हजेरीची खातरजमा केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाशी ओळख ठेवलेली बरी.

सरकारी सेवेतल्या परिचारिकांनी नोकरी सोडण्याआधी आस्थापना शाखेत अभ्यास रजेचं विचारावं. सेवेची ५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परतून सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं.

मग कर्ज, तेही योग्य क्रमाने

गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज सर्वांत आधी पाहा. व्याज शून्य असताना बँकेकडे धाव घेण्यात शहाणपण नाही. फक्त त्या वर्षीचे उत्पन्नाचे निकष, जामीनदारांची अट आणि हप्ता कधी सुटतो हे लेखी विचारा.

उरलेली रक्कम बँकेकडून. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारण किंवा त्रयस्थ जामीनदार लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून मागणं मात्र रास्त आहे. ‘घराचे कागद आणा’ असं शाखेत म्हणाले तर नकार लेखी मागा; निम्मे आग्रह तिथेच मावळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जेदार संस्थांपुरती आहे, म्हणून संस्थेचं नाव यादीत शोधा. यादी एनआयआरएफ, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीनुसार बदलते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर त्यात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रम आणि सवलतीच्या काळात (परतफेड सुरू होण्याआधीच्या) ३ टक्के व्याजसवलत मिळते. व्यवस्थापन कोट्याला ती नाही. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर पूर्ण व्याज अनुदानाची वेगळी योजना आहे. ती आयुष्यात एकदाच मिळते. एमबीबीएसला घेतली असेल तर एमडीला नाही.

आता सगळ्यात मोठा फरक करणारी गोष्ट, जी शाखेत कुणी सांगत नाही. समजा तीन वर्षं दरवर्षी ३ लाख उचललेत, व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष मिळून सरळ व्याज २,७०,००० होतं. ते मुद्दलात मिळून ११.७ लाखांचं कर्ज होतं आणि १० वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता सुमारे १५,४६० रुपये बसतो. तेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं, पहिल्या वर्षी २,५००, दुसऱ्या वर्षी ५,००० आणि पुढे ७,५००, तर हप्ता सुमारे ११,८९० राहतो. निवासी डॉक्टरांना स्टायपेंड मिळतो. त्यातून हे व्याज भरण्याची स्थायी सूचना बँकेला पहिल्याच महिन्यात द्या. एमएस्सी नर्सिंगला बहुधा स्टायपेंड नसतो, तेव्हा तिथे कर्जच कमी उचला: हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप कर्जात धरायची मुभा आहे म्हणून सगळं धरायचं कारण नाही.

नोकरी लागल्यावर भरलेल्या व्याजाची वजावट आयकरात ८ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि फक्त व्याजाची.

दुसऱ्या वर्षीची कर्जाची रक्कम बँकेकडून आपोआप येत नाही. कॉलेजचं फी मागणीपत्र, बोनाफाईड आणि प्रगतीचा कागद शाखेत महिनाभर आधी द्या. पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात, म्हणून तो खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मागणीपत्रावर छापलेला आहे ना, ते पाहून घ्या. नाहीतर विलंब शुल्क तुमच्या माथी बसतं, कॉलेजच्या नव्हे.