नेपाळच्या वणव्यातला मिथेन मोजताना या चुका टाळा

नेपाळमध्ये वणव्याला डढेलो म्हणतात. फाल्गुन-चैत्रात तो पेटतो आणि पाऊस येईपर्यंत कुठे ना कुठे धुमसत राहतो. 2021 च्या मार्चअखेरीस काठमांडूत धूर इतका साचला की सरकारने चार दिवस शाळा बंद ठेवल्या. अशा धुरात मिथेन किती असतो, हे काढायचं सूत्र सोपं आहे: जळालेलं क्षेत्र × हेक्टरी सरपण × त्यातला जळालेला वाटा × किलोमागे किती ग्रॅम मिथेन. चार आकडे, एक गुणाकार. घोळ बहुतेक वेळा शेवटच्या आकड्यात शोधला जातो आणि तो असतो पहिल्या तीनांत.

ठिपके मोजून क्षेत्र काढू नका

टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरच्या मोडिस या यंत्राचा आगीचा ठिपका एक किलोमीटर बाजूचा असतो. म्हणजे 100 हेक्टर. म्हणून 300 ठिपके गुणिले 100, असा हिशेब मी कितीतरी तक्त्यांत पाहिलाय (माझ्या पहिल्या तक्त्यातही तोच होता, लपवत नाही). पण ठिपक्याचा अर्थ एवढाच की त्या चौकोनात कुठेतरी आग दिसली. हजार चौरस मीटरची, म्हणजे आपल्या हिशेबात दहा गुंठ्यांची, जोरात पेटलेली आगही मोडिसला दिसते. दहा गुंठ्यांचे 100 हेक्टर झाले, तर आकडा हजारपट फुगला. शिवाय तीच आग टेराने सकाळी पाहिली, अ‍ॅक्वाने दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच वणव्याची तीनदा नोंद.

जळीत क्षेत्राचा वेगळा नकाशा घ्या. तो मात्र उलट बाजूने फसवतो. 500 मीटरच्या चौकोनात छोटी जळितं निसटतात, आणि साल वृक्षांच्या जंगलात आग खालचा पाचोळा खाऊन जाते, वर पानं तशीच. उपग्रहाला वरून हिरवंच दिसतं. तिथे सेंटिनल-2 या उपग्रहाची बारीक चित्रं आणि जमिनीवरची पाहणी, दोन्ही लागतात. तराईतल्या, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्टीतल्या, शेतांत गव्हाचा काड जाळतात, तो काळ एप्रिल-मेचाच. ते ठिपके जमीन-वापराच्या नकाशाने आधी वगळा.

डोंगराची एक खास चूक: नकाशावरचा हेक्टर सपाट असतो. 35 अंशांच्या उतारावर खरी जमीन त्याच्या 1.22 पट भरते. पण सरपणाची मोजणी आधीच आडव्या क्षेत्रावर आणलेली असेल, तर पुन्हा 1.22 ने गुणू नका. आधी ज्याने नमुना-चौकोन आखले त्याला विचारा, मग कॅल्क्युलेटर काढा.

उभं जंगल जळालं असं धरू नका

सगळ्यात महाग चूक हीच. समजा 100 हेक्टर सालवन जळालं. हेक्टरी 5 टन पाचोळा-झुडूप, त्यातलं निम्मं जळालं, म्हणजे 250 टन कोरडं सरपण. त्याला किलोमागे 6.8 ग्रॅम लावले की 1.7 टन मिथेन. आता कुणी सरपणाऐवजी झाडांसकट हेक्टरी 200 टन वजन टाकलं, तर तोच वणवा 68 टन देतो. चाळीसपट! नेपाळमधले बहुतेक वणवे जमिनीलगत सरकतात. झाडाची साल काळी पडते, झाड उभंच राहतं.

सरपणाचा आकडाही गावागणिक बदलतो. सामुदायिक वनांतून लोक गुरांखाली अंथरायला पाचोळा गोळा करून नेतात, त्याला सोत्तर म्हणतात. जिथून सोत्तर नेला तिथे जाळायला फारसं उरत नाही. शेजारच्या चिडाच्या (पाइनच्या) उतारावर सुयांसारख्या पानांचा थर घोट्यापर्यंत असतो. दोन्हींना एकच सरासरी लावणाऱ्याने उतारावर एकदा चालून यावं.

आणि आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल मंडळाच्या) 2006 च्या मार्गदर्शिकेतला सरपणाचा तक्ता नीट वाचा. त्यात ‘जळालेला वाटा’ आधीच गुणून दिलेला आहे. तो पुन्हा गुणला की मिथेन कारण नसताना अर्ध्यावर येतो.

एकच गुणांक सगळीकडे

त्याच मार्गदर्शिकेत किलोमागे मिथेनचा गुणांक उष्ण कटिबंधीय जंगलाला 6.8 ग्रॅम, त्याबाहेरच्या जंगलाला 4.7 आणि गवताळ रानाला 2.3 दिलेत. तराई आणि चुरे टेकड्यांचं सालवन आणि वरची थंड जंगलं एका रकान्यात कोंबू नका. सह्याद्रीतल्या गवताचा वणवा पाहिलेल्या माणसाचा अंदाज तर इथे अगदीच चुकतो. 2011 च्या एका संकलनात उष्ण कटिबंधाचा आकडा 5.07 आहे. कुठलाही घ्या, पण कुठला घेतला ते लिहा.

हा फरक का, ते चिडाच्या उतारावर दिसतं. सुयांवरून ज्वाळा गुडघाभर उठते आणि काही मिनिटांत पुढे सरकते. मागे एखादा कुजका बुंधा राहतो. ज्वाळा नाही, नुसता पांढरा धूर, आत लालसर खळगा, आणि दुसऱ्या दिवशीही हात जवळ नेला की ऊब लागते. मिथेन अपुऱ्या ज्वलनातून निघतो, म्हणून किलोमागे जास्त मिथेन त्या बुंध्यातून. उपग्रहाला ती मंद धग बहुधा दिसतच नाही.

‘उपग्रहाच्या मिथेन-नकाशात काहीच दिसत नाही’

ही तक्रार हमखास येते. हवेतला मिथेन मोजणाऱ्या ट्रोपोमी या उपग्रह-यंत्राचा ठिपका कित्येक किलोमीटरचा, आणि ढग, दाट धूर, उंचसखल भाग असला की ती निरीक्षणं गाळली जातात. म्हणजे नेमकी वणव्याच्या दिवसांतच भोकं. उलट तराईवर मिथेन वाढलेला दिसला तर त्याचं खापर लगेच वणव्यावर फोडू नका. भातखाचरं आणि गुरं तिथे आधीपासून आहेत.

मिथेनला कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणताना 28 ने गुणा. जुन्या शीटमधला 21 किंवा जीवाश्म (कोळसा, खनिज वायूतल्या) मिथेनचा 29.8 इथे चालत नाही. वरचे 1.7 टन म्हणजे 47.6 टन.

तारखांचा घोळ

उपग्रहाची वेळ जागतिक असते, नेपाळ तिच्या 5 तास 45 मिनिटं पुढे. रात्री दीडची आग आदल्या तारखेला 19:45 अशी पडते. त्याहून वाईट म्हणजे विक्रम संवताचं वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यावर, ऐन वणव्यात बदलतं. 2078 सुरू झालं 14 एप्रिल 2021 ला, त्यामुळे काठमांडूच्या शाळा बंद पाडणारी मार्चमधली सगळी जळितं 2077 च्या रकान्यात जातात आणि एकच हंगाम दोन वर्षांत चिरला जातो. नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होऊन असारला (आषाढात) संपतं. रकाने त्यानुसार पाडले की हंगाम अख्खा राहतो.