तंबू ठोकण्याआधी तिथे आडवे होऊन बघा

डोंगरातल्या जंगलात दिवसा सपाट वाटलेली जागा रात्री दगा देते. म्हणून अंधार पडायच्या तासभर आधीच थांबा.

१. आधी वर बघा. वाळकी फांदी किंवा मोडून अडकलेलं खोड दिसलं, तर जागा सोडा. अशी फांदी वारा नसतानाही पडते.

२. मग जमीन. पालापाचोळा एका रेषेत साचलाय, काड्या एकाच दिशेला झोपल्यात? तिथून पाणी वाहतं, आज कितीही कोरडं दिसो. खोलगट जागेत गारठाही साचतो. जरासा उंचवटा केव्हाही बरा.

३. पाठ टेकून दोन मिनिटं पडा. मूळ, खडा, उतार सगळं कळतं. डोकं चढाकडे.

ओढ्यापासून निदान 60 मीटर लांब राहा. कोरड्या पात्रात तर मुळीच नको: वर पडलेला पाऊस बघता बघता खाली येतो.