आवारातले झाड मूळचे कुठले? संकेतस्थळांवर शोध घेणाऱ्या शिक्षकांसाठी

स्थानिक आणि आक्रमक वनस्पतींचा पाठ घ्यायचा असेल, तर आधी संकेतस्थळ उघडू नये. शाळेच्या कुंपणालगत आपोआप उगवलेले एक झाड निवडावे आणि त्याविषयी तीन प्रश्न मुलांपुढे ठेवावेत : हे कोणते झाड आहे, ते मूळचे कुठले आहे आणि इथे ते कसे पसरते. या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि ती वेगळीच ठेवावी लागतात, नाहीतर ‘परदेशी म्हणजे घातक’ असा चुकीचा समज मुलांच्या मनात पक्का होतो. मिरची, बटाटा आणि काजू अमेरिका खंडातून आले, गुलमोहर मादागास्करचा आहे. पण घाणेरी जशी जंगलाचा ताबा घेते, तसा यांपैकी कोणीही घेत नाही.

उदाहरणादाखल गाजर गवत घेऊ. कुठे त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कुठे चटकचांदणी. त्यामुळे शोधासाठी शास्त्रीय नाव हाती असणे आवश्यक असते. ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर अनेक वनस्पतींची मराठी नावे दिलेली आहेत, आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर भारतातील प्रत्यक्ष नोंदी छायाचित्रांसह पाहता येतात. नाव अजिबात ठाऊक नसेल, तर पान, फूल आणि संपूर्ण झाड अशी तीन छायाचित्रे घेऊन ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकावीत, मात्र तेथे संगणकाने सुचवलेले नाव हा केवळ अंदाज असतो, तेव्हा जाणकारांचा दुजोरा मिळेपर्यंत थांबावे. तेरा वर्षांखालील मुलांची खाती तेथे उघडू नयेत. त्यांच्यासाठी ‘सीक’ हे त्याच संस्थेचे ॲप योग्य आहे, कारण त्याला नोंदणी लागत नाही. शिक्षकांनी स्वतःच्या खात्यावरून नोंद केली, तरी शाळेचे नेमके ठिकाण झाकण्याचा पर्याय निवडावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी लंडनच्या क्यू उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ मला सर्वांत उपयुक्त वाटते. शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाकले की जगाचा नकाशा उघडतो. वनस्पती जिथली मूळची तो प्रदेश हिरवा आणि जिथे ती बाहेरून आली तो जांभळा दिसतो. गाजर गवतासाठी अमेरिका खंडातील प्रदेश हिरवे आणि भारत जांभळा पाहिल्यावर पाचवीच्या मुलालाही वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. १९५०च्या दशकात पुण्यात या गवताची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरले, हे त्याच वेळी सांगावे. या नकाशाची एक मर्यादा मात्र मुलांना अवश्य दाखवावी : आसाम आणि हिमालयाचा पट्टा सोडला, तर जवळजवळ सारा भारत तेथे एकच प्रदेश धरला आहे. म्हणून नकाशावर भारत हिरवा दिसला, तरी केरळच्या सदाहरित जंगलातले झाड विदर्भात स्थानिक ठरत नाही. त्यासाठी भारतीय पोर्टलवरील नोंदींचा नकाशा शेजारी ठेवून पाहावा. जुन्या पुस्तकांतील नावेही बदललेली असतात. जलपर्णीचे आयकॉर्निया हे जुने नाव टाकले, तर क्यूचे संकेतस्थळ पाँटेडेरिया या आजच्या नावाकडे नेते.

तिसऱ्या प्रश्नासाठी ‘ग्लोबल इन्व्हेजिव्ह स्पीशीज डेटाबेस’ पाहावा. तेथील जगातील शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत घाणेरी, जलपर्णी, रानमोडी आणि सुबाभूळ आहेत, आणि त्यांच्याच रांगेत आपली माधवीलतासुद्धा आहे! इथे ती मूळची वेल आहे, पण मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिने तेथील जंगलाला ग्रासले आहे. वर्गात चर्चेसाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, कारण आक्रमकता ही झाडाइतकीच ठिकाणावर अवलंबून असते हे त्यातून आपोआप उलगडते. उलट गाजर गवत त्या शंभरांत नाही. यादी नमुन्यादाखल केलेली असल्याने त्यात नाव नसणे म्हणजे झाड निरुपद्रवी असणे नव्हे.

शाळेत इंटरनेट मंद असेल, तर नकाशांची छायाचित्रे आदल्या दिवशी जतन करून ठेवावीत आणि मुलांना फक्त तीन प्रश्नांचा तक्ता भरायला द्यावा. गाजर गवताने त्वचेला खाज सुटते आणि त्याच्या परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून फुलावर आलेले गवत मुलांना उपटायला सांगू नये. त्याची नोंद थोडे दूर राहून, छायाचित्रावरूनच करावी.